ओटा भरला, कोठी शाबूत

(मंडळाच्या मासिक सभेत स्मरणिका समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘मेमरी संपून बंद पडलेलं आभासी यंत्र पुन्हा कसं सुरू करावं’ असा छापला आहे. तो वाचून दोन-तीन ज्येष्ठांनी दारातच विचारलं, की हे गच्चीबावलीच्या कंपन्यांतल्या मुलांसाठी आहे का? आम्ही बसू की घरी जाऊन कुकर लावू? तर बसाच. कारण ज्या यंत्राची ही गोष्ट आहे त्यात आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका होत्या, कुटुंबसूची होती आणि श्रद्धांजलीची पानं होती. म्हणजे तुमचीच नावं होती, तुमच्या आईवडिलांची होती. त्यातल्या दोन अंकांची छापील प्रत आज कार्यालयात नाही, कुणाच्या घरीही अजून सापडलेली नाही. जे काही होतं ते त्या यंत्रात होतं, आणि स्मरणिका छापायला जायच्या आठवड्यात ते यंत्र उघडेना.

ते पुन्हा कसं उघडलं हे क्रमाने सांगणार आहोत. आपल्या घरच्या संगणकावर असं काही झालं तर काय करावं आणि काय करू नये, हेही त्यातून कळेल.

आधी आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा, शालीबंडा या भागांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना वाडा आणि बिऱ्हाड समजावून सांगायला नको. वाडा एका मालकाचा, आत बिऱ्हाडं चार. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, देव वेगळे, कुलूप वेगळं. बिऱ्हाडकरूला आतून वाटतं की हे आपलंच घर आहे. पण भिंत, छप्पर, पाणी, वीज हे सगळं वाड्याचं असतं. आभासी यंत्र, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, ते असंच एका संगणकाच्या आत थाटलेलं बिऱ्हाड आहे. खरा संगणक एकच. त्याच्या आत एक प्रणाली दुसरा, पूर्ण वेगळा संगणक असल्याचा भास निर्माण करते. आतल्या संगणकाला आपण बिऱ्हाडकरू आहोत याचा पत्ताही नसतो.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तीत एका मोठ्या संगणकाचे असे अनेक भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखं काम करता येत असे. साध्या टेबलावरच्या संगणकांसाठी ही सोय आणणारी व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली. आपल्याकडे सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं तेही त्याच वर्षी. आज आपली मुलं-सुना ‘क्लाउडवर काम करतो’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ती कुठल्यातरी प्रचंड वाड्यातल्या अशाच एका बिऱ्हाडात काम करत असतात. ॲमेझॉनने क्लाउडची केंद्रं २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत सुरू केली. म्हणजे असे वाडे आता आपल्या गावातही आहेत.

आता आपल्या मंडळाला याची काय गरज? गरज आहे ती मराठी अक्षरांमुळे. आपल्या स्मरणिका अनेक वर्षं पेजमेकरमध्ये जुळवल्या गेल्या. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. विंडोज एक्सपीही २००१ मधलीच, आणि मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. मजकूर टाइप केला होता त्या काळच्या मराठी फाँटमध्ये, जो आजच्या संगणकावर उघडला तर ‘गणपती’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. जुना संगणक थकला तेव्हा त्यातलं सगळं घर, एक्सपी, पेजमेकर, फाँट आणि वीसेक वर्षांच्या फायली, उचलून नव्या संगणकाच्या आत बिऱ्हाड म्हणून थाटलं होतं. दर वर्षी जाहिरातींची जुनी पानं, श्रद्धांजलीची चौकट, कार्यकारिणीची यादी तिथूनच घेतली जात असे. व्यवस्था उत्तम चालली होती.

दुसरा मुद्दा मेमरीचा. संगणकाच्या दुकानात दोन आकडे सांगतात. एक मेमरीचा, म्हणजे रॅमचा. दुसरा डिस्कचा. दोन्ही जीबीमध्येच मोजतात, त्यामुळे गोंधळ होतो. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे ओटा. गहू, डाळ, पापड, लोणची कोठीत असतात आणि वर्षभर टिकतात. पण काम ओट्यावरच करावं लागतं. जे करायचं ते कोठीतून काढून ओट्यावर मांडायचं, झालं की उचलून ठेवायचं. वीज गेली की ओटा पुसला जातो. कोठीला धक्का लागत नाही.

ओटा भरला की संगणक काय करतो? तेच, जे आपण करतो. सध्या न लागणारी पातेली उचलून कोठीच्या एका फळीवर ठेवतो आणि लागली की परत आणतो. विंडोजमध्ये या फळीला पेज फाइल म्हणतात. युक्ती जुनी आहे, मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात ती १९६२ मध्येच वापरात होती. पण पातेली इतकी झाली की सारा वेळ ने-आण करण्यातच जाऊ लागला, तर स्वयंपाक थांबतो. माउस सरकत नाही, घड्याळाचा काटा फिरत राहतो, डिस्कचा दिवा सतत पेटलेला दिसतो. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने तिची कारणमीमांसा १९६८ मध्ये मांडली. आणि कोठीतली ती फळीही भरली, तर मग नवं पातेलं ठेवायला जागाच नाही. कुठलातरी कार्यक्रम कोसळतो, कधी अख्खा संगणक गोठतो.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका. कार्यालयातल्या संगणकाला ४ जीबी मेमरी आहे. त्यातली २ जीबी बिऱ्हाडाला लावून दिलेली होती. एरवी एका वेळी एकच काम चाले म्हणून ते निभत असे. त्या दिवशी मात्र एकाच वेळी तीन कामं आली. बिऱ्हाडात पेजमेकर उघडा होता आणि श्रद्धांजलीचं पान जुळत होतं. बाहेर ब्राउझरमध्ये जाहिरातदारांच्या मेल उघडलेल्या होत्या. आणि शेजारी जुन्या उत्सवांचे फोटो स्कॅन होत होते.

या स्कॅनिंगचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा आम्हीही चकित झालो. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयने स्कॅन केलं तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके होतात. गुणाकार केला तर जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणजे एका पानाला साधारण १०० एमबी. कोठीत ठेवताना हेच चित्र दाबून, घडी घालून पाच-दहा एमबीत मावतं. उघडलं की मात्र पूर्ण पसरतं. डब्यातले शंभर पापड एका फळीवर राहतात, वाळत घातले तर गच्ची लागते, तसंच. दहा पानं उघडी राहिली की १ जीबी ओटा गेला. त्यात स्कॅन केलेल्या फायली जिथे साठत होत्या तीच डिस्क पेज फाइलचीही होती, आणि ती काठोकाठ भरत आली होती. ओटा भरला आणि फळीवरही जागा उरली नाही.

संगणक रेंगाळू लागला तेव्हा बिऱ्हाडाची खिडकी बंद करायला घेतली. अशा वेळी ती प्रणाली विचारते, की यंत्राची आहे ती अवस्था जतन करू का? हो म्हटलं की बिऱ्हाडाच्या ओट्यावर जे जसं मांडलेलं आहे ते सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी आहे तिथून काम सुरू करता येतं. झाकण लावून पातेलं तसंच ठेवून द्यावं तसं. ते लिहिणं चालू असतानाच अख्खा संगणक गोठला. अर्धा तास वाट पाहूनही हलेना, तेव्हा वीज बंद करून पुन्हा चालू करण्याखेरीज मार्ग राहिला नाही.

मग बिऱ्हाड उघडायला गेलं की ‘अवस्था पूर्ववत होत आहे’ अशी पट्टी यायची, काही टक्क्यांपर्यंत जायची आणि मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन खिडकी मिटायची. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “या संगणकात आता राम उरला नाही.” रॅम आणि राम, दोन्ही अर्थांनी त्यांचं खरं होतं.

सल्ले पुष्कळ आले. प्रणाली काढून पुन्हा टाका. ते यंत्र डिलीट करून नवं बनवा. संगणक फॉरमॅट करा. नवी रॅम आणा. सगळे आपुलकीने दिलेले, पण त्यातले पहिले तीन ऐकले असते तर आज हे भाषण झालं नसतं. म्हणून आम्ही एक क्रम ठरवला आणि तो सोडला नाही. तो तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, हात आवरला. काहीही पुसायचं नाही, पुन्हा पुन्हा चालू करून पाहायचं नाही. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा मोबाइलवर टिपून घेतला. डॉक्टरकडे गेल्यावर ‘कुठेतरी दुखतं’ म्हणून चालत नाही, तसंच ‘काहीतरी एरर आली’ म्हणूनही चालत नाही.

दुसरी, नक्कल काढली. आभासी यंत्राचा एक मोठा गुण इथे कामी येतो. अख्खं बिऱ्हाड म्हणजे शेवटी एका फोल्डरमधल्या चार-पाच फायली असतात. त्यांतली सगळ्यांत मोठी फाइल ही बिऱ्हाडाची डिस्क, म्हणजे त्याची कोठी. ते सगळं फोल्डर आम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली. यापुढे जे प्रयोग करायचे ते दुसऱ्या नकलेवर. जुन्या पोथीची नक्कल करून घेतल्यावरच तिची बांधणी उसवावी, हा आपल्याकडचा जुना संकेत इथेही लागू पडतो.

तिसरी, जागा केली. फोटोंच्या फायली दुसरीकडे हलवल्या, डिस्क पंचवीस टक्के मोकळी केली, संगणक नव्याने सुरू केला आणि बाकी काहीही न उघडता टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पाहिली. आता बिऱ्हाडाला लागणारी २ जीबी निभावेल इतकी सोय झाली होती. तरी बिऱ्हाड उघडेना.

चौथी गोष्ट, विचार केला. पट्टी दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत होती. निव्वळ जागेची टंचाई असती तर जागा केल्यावर पट्टी पुढे सरकली असती, निदान आकडा बदलला असता. दर वेळी तोच आकडा म्हणजे अडथळा रस्त्यात नसून सामानातच आहे. मग त्या यंत्राची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचली. ही साधी मजकुराची फाइल असते, आणि दुरुस्तीत सगळ्यांत आधी वाचायची व सगळ्यांत कमी वाचली जाणारी हीच. आधीच्या प्रयत्नांत मेमरी न मिळाल्याच्या ओळी होत्या. जागा केल्यानंतरच्या प्रयत्नांत त्या नव्हत्या. तिथे जतन केलेली अवस्था वाचता येत नसल्याची ओळ होती. पहिला आजार बरा झाला होता, त्याच्या आडोशाला असलेला दुसरा आता दिसू लागला. मेमरी संपल्यामुळे जतन अर्धवट राहिलं होतं आणि ती अर्धवट फाइल आता दार अडवून बसली होती.

याला आणखी एक पीळ होता. बिऱ्हाडाची मेमरी २ जीबीवरून कमी करावी म्हटलं, तर तो रकाना बदलताच येत नव्हता. कारण जतन केलेल्या अवस्थेतला ओटा २ जीबीचा. तो तितक्याच मोठ्या ओट्यावर परत मांडावा लागतो. म्हणून जोवर ती अवस्था आहे तोवर मेमरी बदलू देत नाहीत.

उपाय एकच होता. जतन केलेली अवस्था टाकून देणं. त्या बटणावर जो शब्द होता त्याचा अर्थ ‘टाकून द्या’ असाच होता, आणि तो वाचून समितीत शांतता पसरली. टाकायचं म्हणजे नेमकं काय टाकायचं? इथेच ओटा आणि कोठी यांतला फरक कामाला आला. अवस्था म्हणजे ओट्यावरची मांडामांड. ती टाकणं म्हणजे चालू संगणकाची वीज काढणं. न जतन केलेलं काम जाईल. कोठीतलं, म्हणजे डिस्कवरचं, तसंच राहील. त्याच यादीत थोडं खाली ‘यंत्र काढून टाका’ असंही बटण असतं. ते मात्र कोठीसकट सगळं घेऊन जाऊ शकतं. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात आणि परिणामांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून दोघांनी शेजारी बसून, मोठ्याने वाचून, आधी नकलेवर ते बटण दाबलं.

मग मेमरीचा रकाना मोकळा झाला. तिथे २,०४८ एमबीच्या जागी ५१२ लिहिले. काहींना वाटलं, आजाऱ्याचा खुराक का कमी करता? पण एक्सपीला किमान ६४ एमबी लागत आणि १२८ पुरेशी मानली जात असे. जुन्या बिऱ्हाडाला ५१२ म्हणजे ऐसपैस. उलट त्याला २ जीबी दिल्यामुळे वाड्याचाच ओटा अपुरा पडत होता, आणि वाडा अडला की बिऱ्हाड अडतंच. आभासी यंत्र मेमरीवाचून कोसळलं की पहिला मोह त्याला जास्त मेमरी देण्याचा होतो. आधी पाहावं, मेमरी नक्की कुणाची संपली, आतल्याची की बाहेरच्याची? आमच्याकडे ती बाहेरच्याची संपली होती.

यंत्र चालू झालं. निळ्या पडद्यावर एक्सपी आपली डिस्क तपासू लागली. तो पडदा पाहून घाबरायचं नसतं आणि तो मध्येच थांबवायचाही नसतो. वीज अचानक गेल्यावर घरात शिरताना आपण दिवा लावून चारी कोपरे पाहतो, तसं ते आहे. ती तपासणी संपली आणि ती ओळखीची हिरवी टेकडी व निळं आभाळ पडद्यावर आलं.

राहिलं होतं ते श्रद्धांजलीचं पान. ते उघडं असतानाच सगळं घडलं होतं. पेजमेकरची एक जुनी सोय इथे उपयोगी पडली. त्यात एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की तात्पुरती नोंद आपोआप होते. फाइल उघडल्यावर त्या नोंदीपर्यंतचं सगळं परत मिळालं. शेवटचा एक परिच्छेद गेला होता. तो ज्यांच्याबद्दल होता त्यांच्या कन्येला फोन केला, आणि त्यांनी तो पुन्हा सांगितला. आधीपेक्षा थोडा मोठा झाला, इतकंच. यंदाच्या अंकात तो त्यांच्या शब्दांत आहे.

मंडळी, दुरुस्ती इथे संपली. पण एक प्रश्न राहतो. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय?

याचं उत्तर आपल्याच गावात दगडात बांधलेलं आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादेत काय हाहाकार केला हे आपल्या आजी-आजोबांनी ऐकवलेलं आहे. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी शहराच्या वर, नदीच्या वाटेवर जलाशय बांधायला सांगितले. मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. गंडीपेठेला सहलीला जाताना आपण ते पाणी पाहतो. पण पूर अडवणाऱ्या जलाशयाचं खरं सामर्थ्य त्यात राखलेल्या मोकळ्या जागेत असतं. अचानक येणारं पाणी त्या जागेत सामावतं. आजही पावसाळ्यात पातळी चढू लागली की दरवाजे उघडून आधीच पाणी सोडतात. काठोकाठ भरलेला तलाव दिसायला सुंदर दिसतो, पुराला उपयोगाचा नसतो.

संगणकाचंही असंच. मेमरीचा काही भाग आणि डिस्कचा काही भाग नेहमी मोकळा राहू द्यावा. आम्ही कार्यालयात तीन नियम लावले आहेत. बिऱ्हाडाला कधीही एकूण मेमरीच्या पावपेक्षा जास्त द्यायची नाही. स्कॅनिंग चालू असताना बिऱ्हाड उघडायचं नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या फोल्डरची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवायची. नवी रॅमही घेतली, पण ती या तीन नियमांच्या नंतर. नियम नसतील तर आठ जीबीही दिवाळीच्या फराळासारखी कधी संपते कळत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. बिऱ्हाड उघडलं याचा आनंद आहे. पण बिऱ्हाड किती वर्षं टिकवणार? एक्सपी जुनी, पेजमेकर जुना, तो फाँटही जुना. त्या फाँटमध्ये ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. चित्र गेलं की मजकूर गेला. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, आणि तिची मांडणी आपल्याकडच्या इस्की या भारतीय संकेतावरून घेतलेली आहे. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. आपल्या ‘ळ’लाही आहे, ०९३३. फाँट कुठलाही असो, यंत्र कुठलंही असो, त्या क्रमांकाला ‘ळ’च म्हणतात.

म्हणून जुना सगळा मजकूर बिऱ्हाडातून बाहेर काढून युनिकोडमध्ये आणण्याचं काम आम्ही हाती घेतलं आहे. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांत अडखळतात. रफार एक अक्षर मागे-पुढे पडतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर चढते, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. हे संगणकाला कळत नाही. ज्यांनी मराठी शाळेत बाईंचा मार खाऊन शुद्धलेखन शिकलं त्यांना ते एका नजरेत कळतं. विवेकवर्धिनीत शिकलेले इथे कितीतरी जण आहेत. १९०७ मध्ये या शहरात मराठी शिक्षणासाठी ती संस्था ज्यांनी उभी केली, त्यांनी परमुलखात भाषा जपण्याचं काम किती कष्टाने केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वाट्याला त्या मानाने फार हलकं काम आलं आहे. आठवड्याला चार पानं वाचायची आणि लाल पेनने खुणा करायच्या. संगणक यायलाच हवा अशी अट नाही. छापील पानं घरपोच मिळतील, आणि तपासलेली पानं टाइप करायला कॉलेजातली पाच मुलं-मुली तयार आहेत. त्यातल्या दोघींना देवनागरी वाचायला अजून वेळ लागतो. आजीच्या शेजारी बसून वाचतील तर तोही कमी होईल.

दुसरी विनंती शोधाची. घरातली माळ्यावरची पेटी, दिवाणाखालचा ट्रंक, जुनी सीडी, बंद पडलेला संगणक, यांत मंडळाचं काही असेल तर कृपा करून टाकू नका. आणि तुमच्या घरच्या जुन्या संगणकात आईने टाइप केलेल्या पाककृती असतील, वडिलांचं आत्मवृत्त अर्धवट असेल, तर त्याला फॉरमॅट करायच्या आधी आम्हाला बोलवा. चालू होत नसला तरी बोलवा. ओटा रिकामा दिसला म्हणून कोठी रिकामी असते असं नाही.

या कामाची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. तपासनीस म्हणून नाव लिहायचं असेल तर पहिल्या पानावर, घरी काही सापडेल असं वाटत असेल तर दुसऱ्या पानावर. हरवलेल्या दोन अंकांचं रूपांतर आधी घेणार आहोत, आणि त्यांतली कुटुंबसूची विसर्जनाच्या आधी तपासून व्हावी अशी इच्छा आहे.

 गणपती बाप्पा मोरया!